गोठ्यातील शेण व खाटीकखान्यातील टाकाऊ माल : त्यांपासून जळाऊ वायू कसा होतो

खाटकाच्या दुकानामागे काय पडते ह्याचा विचार मांस विकत घेणारा मनुष्य क्वचितच करतो. रक्त नालीत जाते, पोटातील अर्धवट पचलेला चारा उकिरड्यावर पडतो, आतडी कुत्री ओढून नेतात, आणि पहिल्या मोठ्या पावसाबरोबर हे सर्व ओढ्यात व तेथून विहिरीच्या पाण्यात उतरते. त्याच गावात सरपणासाठी बाया कोसभर चालतात, आणि जे शेण शेतात जावयाचे त्याच्या गोवऱ्या होऊन चुलीत जळतात. ही दोन दुःखे वेगळी आहेत असे आपण समजतो. परंतु त्यांचा उपाय बहुतांशी एकच आहे, आणि तो कोणता हे ह्या पाठात सांगण्याचा आमचा विचार आहे.

शेणापासून जळाऊ वायू होतो हे आता आपल्या वाचकांस नवीन नाही. गोबरगॅस हा शब्द खेड्यापाड्यांत रुळला आहे. परंतु शेणात खाटीकखान्यातील टाकाऊ माल बेताने मिसळला असता वायू पुष्कळ अधिक मिळतो, आणि बेत सोडून मिसळला असता असलेला वायूही बंद पडतो, ही गोष्ट थोड्यांस ठाऊक आहे. सबब ‘प्रमाण’ हा शब्द वाचकांनी ह्या पाठात आरंभापासून शेवटपर्यंत ध्यानात ठेवावा.

1. वायू कसा उत्पन्न होतो

दलदलीतून बुडबुडे येतात व ते पेट घेतात हे लोकांस पूर्वीपासून माहीत होते. 1776 साली इटलीतील आलेस्सांद्रो व्होल्टा ह्या शास्त्रज्ञाने माज्जोरे सरोवराच्या काठचा गाळ ढवळून तो वायू धरला व त्याची परीक्षा केली. त्या वायूस आज आपण मिथेन म्हणतो. आपल्या मुंबईतही 1897 साली माटुंगा येथील महारोग्यांच्या आश्रयगृहात मैल्याच्या टाक्यांतून निघणारा वायू गोळा करून त्यावर इंजिन चालविण्याचा प्रयोग झाला होता. म्हणजे ही विद्या आपल्या प्रांतास परकी नाही.

हवा न लागता सेंद्रिय पदार्थ कुजू लागला की त्यात सूक्ष्म जंतूंच्या निरनिराळ्या टोळ्या पाळीपाळीने काम करतात. पहिली टोळी मोठे घटक फोडून विरघळविते. दुसरी टोळी त्या विरघळलेल्या पदार्थांची आम्ले करते. शेवटची टोळी त्या आम्लांपासून व त्यांबरोबर निघालेल्या हायड्रोजन वायूपासून मिथेन बनविते. जो मिश्र वायू बाहेर येतो त्यात शेकडा 50 ते 70 भाग मिथेन, उरलेला बहुतेक कार्बन डाय-ऑक्साइड, आणि सडक्या अंड्यासारखी घाण येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू अगदी थोडा असतो.

ह्या टोळ्यांत मिथेन करणारी टोळी सर्वांत नाजूक व मंद आहे. आम्ल करणारे जंतू भराभर वाढतात, मिथेन करणारे सावकाश वाढतात. पहिल्यांनी केलेले आम्ल दुसऱ्यांस संपविता आले नाही तर टाकीतील सर्व द्रव्य आंबट होते आणि काम थांबते. जेथे गोबरगॅस बिघडतो तेथे फार वेळा हेच कारण आढळते.

2. शेण हे विरजण होय

दूध आपोआप नासते, परंतु दही होण्यास विरजण लागते. शेणाची गोष्ट तशीच आहे. गाय, म्हैस, शेळी ह्या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोठ्यात हेच मिथेन करणारे जंतू अहोरात्र राबत असतात, आणि शेणाबरोबर ते बाहेर येतात. म्हणून शेणाने भरलेली टाकी चालू होण्यास निराळी सामग्री लागत नाही. शिवाय शेणाच्या अंगी आम्ल सोसण्याची शक्ती आहे. थोडे आम्ल जास्त झाले तरी शेणाचे द्रव्य एकदम आंबट होत नाही.

परंतु शेणात एक उणीव आहे. चाऱ्यातील जे सकस ते जनावराने आधीच काढून घेतलेले असते. मागे राहतो तो चोथा, आणि त्यात शेकडा 80 च्या सुमारास पाणीच. ह्या कारणाने एक घनमीटर वायू मिळण्यास सुमारे 25 किलो ताजे शेण लागते. लहान कुटुंबाच्या स्वयंपाकास दोन घनमीटरांची टाकी ठरविली तर रोज 50 किलो शेण, म्हणजे चार-पाच मोठी जनावरे हवीत. ज्याच्या दारी एक म्हैस व दोन शेळ्या आहेत त्याने काय करावे? गरिबाच्या घरी गोबरगॅस न पोहोचण्याचे हे एक मोठे कारण आहे.

3. खाटीकखान्यातील मालाचे गुण व दोष

आता दुसऱ्या बाजूकडे पाहू. कोरड्या सेंद्रिय पदार्थाचा एक किलो घेतला तर हिशेबाप्रमाणे पिष्ठ जातीच्या पदार्थापासून सुमारे 400 लिटर, प्रथिनांपासून सुमारे 500 लिटर आणि चरबीपासून सुमारे 1000 लिटर मिथेन मिळू शकतो. खाटीकखान्यातील माल म्हणजे मुख्यतः प्रथिने व चरबी. ह्यावरून त्यात किती बळ साठविलेले आहे हे वाचकांच्या ध्यानी येईल.

मग नुसता हाच माल टाकीत का घालू नये? दोन कारणांमुळे. पहिले कारण नत्राचे. जंतूंच्या आहारात एक भाग नत्रास 20 ते 30 भाग कर्ब असावा असा नियम आहे. शेणात हे प्रमाण जवळजवळ बरोबर असते, परंतु रक्तात एका भागास कर्ब तीनच भागांच्या सुमारास असतो. प्रथिने फुटली की त्या जादा नत्राचा अमोनिया होतो, आणि अमोनिया वाढला की मिथेन करणारे जंतू मंदावतात. दुसरे कारण चरबीचे. चरबी फुटून तिची जी लांब साखळीची मेदाम्ले होतात ती जंतूंच्या अंगास चिकटून त्यांचे अन्नपाणी अडवितात. न फुटलेली चरबी वर तरंगून तिची जाड साय धरते आणि वायूची वाट बंद होते.

येणेप्रमाणे शेण सुरक्षित आहे पण दुबळे आहे, आणि खाटीकखान्यातील माल बलवान आहे पण अनावर आहे. दोहोंची सांगड घातली असता शेण जंतू पुरविते, आम्ल सोसते व अमोनिया पातळ करते, आणि दुसरा माल वायू वाढवितो. आमटीस मीठ लागते, परंतु मिठाची आमटी होत नाही, हे गृहिणीस सांगावे लागत नाही.

4. डेन्मार्क देशाचे उदाहरण

ही सांगड एका देशाने मोठ्या प्रमाणावर घालून दाखविली आहे. डेन्मार्क हा लहानसा शेतकऱ्यांचा देश आहे. 1882 साली येडिंग ह्या खेड्यात तेथील शेतकऱ्यांनी पहिली सहकारी दुग्धशाळा काढली, आणि 1887 साली हॉर्सेन्स येथे पहिला सहकारी खाटीकखाना. अर्थात दूध व मांस ह्यांचा नफा जसा त्यांच्या घरी आला, तसा शेणाचा व टाकाऊ मालाचा प्रश्नही त्यांच्याच दारी आला.

तो प्रश्न कसा चव्हाट्यावर आला हे ऐकण्यासारखे आहे. 1986 सालच्या ऑक्टोबर महिन्यात काटेगाट नामक समुद्रात कोळ्यांच्या जाळ्यांत मेलेले शेवंड येऊ लागले. शेतांतून व वस्त्यांतून वाहून गेलेल्या नत्रामुळे समुद्रात शेवाळ माजले होते, आणि ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपला होता. लोक खडबडून जागे झाले. 1987 साली सरकारने पाण्याच्या रक्षणाची योजना ठरविली, आणि शेण वाटेल तेव्हा शेतात न टाकता पुष्कळ महिने साठवून योग्य वेळी टाकण्याचे बंधन शेतकऱ्यांवर आले. मग साठवावयाचेच तर त्यातून वायू का काढू नये, हा विचार अनेकांस पटला.

एकत्र मिळून चालविण्याचा पहिला वायुकारखाना तेथे 1984 साली निघाला. परंतु आरंभीच्या कारखान्यांचा खर्च नुसत्या शेणावर भागेना. पुढे त्यात खाटीकखान्यातील कोठ्याचा माल, चरबीचा गाळ व इतर कारखान्यांतील सेंद्रिय टाकाऊ पदार्थ मिसळू लागले, तेव्हा हिशेब जुळू लागला. सामान्यतः तीन भाग शेण-मूत्र व एक भाग असा माल हे प्रमाण पडले, आणि त्या एका भागापासून सुमारे निम्मा वायू मिळू लागला. रिबे येथील कारखाना 1990 साली व लेमविग येथील 1992 साली सुरू झाला. लेमविग येथे वायूवर इंजिन चालवून वीज करतात, आणि इंजिनाची उष्णता नळांवाटे गावातील घरे उबदार ठेवण्यास पाठवितात. टाकीतून निघालेले द्रव्य शेतकरी मोजून परत नेतात, कारण तेच त्यांचे खत होय. आज त्या देशात असे कारखाने पुष्कळ झाले आहेत. 2023 साली तेथील वायूच्या सार्वजनिक नळांतून जेवढा वायू खपला त्याच्या एक तृतीयांशाहून अधिक अशा रीतीने उत्पन्न झालेला होता.

5. रोगाचा धोका व त्यावरील नियम

येथे आम्हांस एक गंभीर इशारा देणे अवश्य आहे. खाटीकखान्यातील मालात रोगाचे जंतू असू शकतात. कोमट टाकीत ते कमी होतात, परंतु सर्वच मरतात असे नाही, आणि टाकीतील द्रव्य तर आपण शेतात घालणार. म्हणून युरोपातील देशांनी आपसात कायदा केला आहे. निरोगी जनावराचा माल 12 मिलिमीटरांपेक्षा लहान तुकडे करून 70 अंश सेल्सिअस उष्णतेवर सतत एक तास ठेवावा, आणि नंतरच टाकीत घालावा. अधिक धोक्याचा माल 133 अंशांवर, वाफेच्या तीन बार दाबाखाली, 20 मिनिटे शिजवावा. मोठ्या गुरांचा मेंदू व पाठीच्या कण्यातील मज्जा ह्यांसारखा माल, ज्यातून गुरांच्या वेडाचा रोग पसरण्याचे भय असते, तो वायूच्या टाकीत घालूच नये. हा रोग 1986 साली इंग्लंडात प्रथम ओळखला गेला होता.

त्याच कायद्यात कोठ्यातील चाऱ्याची गणना शेणाबरोबर केली आहे, आणि रोगाची शंका नसेल तर तो उकळल्यावाचून टाकीत घालण्यास मोकळीक आहे. कारण तो चारा म्हणजे वाटेत असलेले शेणच. हा भेद खेड्यातील मनुष्याने नीट ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व सल्ला ह्यावरच उभा आहे.

फाशी अथवा काळपुळी नामक रोगाने मेलेल्या जनावराविषयी तर अधिक कडक नियम पाळावा. जनावर अचानक मेले आणि नाकातोंडातून न गोठणारे काळसर रक्त आले, तर ते कोणीही कापू नये, सोलू नये, त्याचे मांस खाऊ नये, आणि टाकीत तर मुळीच घालू नये. त्या रोगाचे बीज मातीत कित्येक वर्षे जिवंत राहते. ताबडतोब पशुवैद्यास कळवावे व त्याच्या सांगण्याप्रमाणे ते जाळावे किंवा खोल पुरावे.

6. आपल्या गावी काय करता येईल

ज्यांच्या घरी साधी गोबरगॅसची टाकी आहे त्यांनी पुढील गोष्टी पाळाव्या असे आम्ही सुचवितो.

पहिली : टाकी प्रथम नुसत्या शेणाने व तितक्याच पाण्याने चालू करावी. निळी ज्योत नेमाने जळू लागेपर्यंत दुसरे काही घालू नये. आपल्या प्रांतातील हवेत द्रव्य टाकीत सुमारे 40 दिवस राहिले पाहिजे.

दुसरी : गावातील खाटकाकडून शेळ्यामेंढ्यांच्या कोठ्यातील चारा तेवढा आणावा, आणि तो शेणात कालवून घालावा. कोंबड्यांची विष्ठाही थोडी चालते, परंतु तिच्यात नत्र फार असतो हे विसरू नये. आरंभ मूठभरापासून करावा, आठवडाभर ज्योत पाहावी, आणि मग वाढवावे.

तिसरी : रक्त, चरबी, आतडी व कोंबडीची पिसे घरच्या टाकीत घालू नयेत. हा माल तापविण्याची सोय असलेल्या मोठ्या कारखान्यासाठी राखावा. असा कारखाना तालुक्याच्या गावी, खाटीकखान्याजवळ, नगरपालिका, दूधसंघ किंवा अनेक ग्रामपंचायती मिळून काढू शकतात. भारत सरकारने 2018 साली गोबरधन नावाची योजना काढली, ती शेण व इतर सेंद्रिय कचरा ह्यांपासून वायू व खत करण्यासाठीच होय. पंचायतीच्या सभासदांनी तिची चौकशी जिल्हा परिषदेत करावी.

चौथी : ज्योत फिकट पडली, वारंवार विझू लागली, आंबट वास आला किंवा फेस वर चढला, तर टाकीस अजीर्ण झाले असे समजावे. अजीर्ण झालेल्या मनुष्यास जसे लंघन, तसे टाकीस काही दिवस काहीही घालू नये, आणि मग पुन्हा नुसत्या शेणाने सुरुवात करावी.

पाचवी : हायड्रोजन सल्फाइड भांडी व इंजिन खातो. वायूच्या वाटेत लोखंडाचा गंजलेला कीस भरलेली नळी ठेवली म्हणजे तो पुष्कळसा अडतो.

सहावी : टाकी साफ करण्यासाठी कोणीही आत उतरू नये. आत प्राणवायू नसतो आणि विषारी वायू असतो. एक मनुष्य आत पडतो, त्यास वाचविण्यास दुसरा उतरतो, आणि दोघेही जातात, असे अनर्थ आपल्या देशात वारंवार घडले आहेत. दोरीने, बादलीने, पंपाने जे होईल ते बाहेरूनच करावे.

7. लाभ कोणाचा व लाज कोणाची

लाभ तिहेरी आहे. चुलीस धुराविना जाळ मिळतो. शेतास खत मिळते, कारण वायू निघून गेला तरी नत्र द्रव्यातच राहतो, आणि तो पिकास लवकर घेता येईल अशा रूपात असतो. गोवरी जळाली तर मात्र तिच्यातील नत्र धुराबरोबर जातो. तिसरा लाभ पाण्याचा व हवेचा. उघड्यावर कुजणाऱ्या घाणीतून निघणारा मिथेन पृथ्वीभोवतालची उष्णता धरून ठेवण्यात, शंभर वर्षांच्या हिशेबाने, कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे 28 पट प्रबळ आहे. तो जाळून टाकणे हेच बरे, आणि जाळून भाकरी भाजणे त्याहून बरे.

परंतु आपल्या देशात ह्या विषयास आणखी एक बाजू आहे, आणि ती न सांगता पाठ संपविणे योग्य होणार नाही. मेलेले जनावर ओढणे, सोलणे, घाण उपसणे ही कामे आपल्या समाजाने काही जातींच्या माथी मारली, आणि मग ती कामे करतात म्हणून त्यांनाच शिवेबाहेर ठेविले. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या वाडवडिलांनी हे सोसले आहे. 1927 साली महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचा उपदेश केला, आणि पुष्कळांनी त्याबरोबर ती कामेही टाकली. ते त्यांनी योग्यच केले. म्हणून वायूच्या निमित्ताने जुने जोखड पुन्हा त्याच मानेवर ठेवावे असे कोणी म्हणेल तर त्यास आमचा साफ विरोध आहे.

दुसऱ्या बाजूने कोकणातील अप्पासाहेब पटवर्धन ह्यांचे उदाहरण पाहावे. जन्माने ब्राह्मण असलेल्या ह्या गृहस्थांनी 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून उपास केला, आणि पुढे कणकवली येथील गोपुरी आश्रमात ज्या कामांस लोक हलकी म्हणत तीच कामे शास्त्रीय रीतीने करून दाखविली. त्यांच्या उदाहरणातून घ्यावयाचा बोध असा की, घाण ही साऱ्या गावाची आहे, तेव्हा तिची व्यवस्थाही साऱ्या गावाने करावी. यंत्र असावे, हातमोजे असावेत, मजुरी पुरी असावी, काम स्वेच्छेचे असावे, आणि वायू व खत ह्यांत जो काम करतो त्याचा वाटा असावा. जेथे वायू पाटलाच्या घरी आणि दुर्गंधी वस्तीच्या दारी, तेथे कारखाना कितीही उत्तम चालला तरी तो फसला असेच आम्ही म्हणू.

टाकीत जसे प्रमाण सुटले की जाळ विझतो, तसे गावातही आहे. कष्ट व लाभ ह्यांचे प्रमाण नीट ठेविले तर हे काम टिकेल. सबब पंचायतीत अशा टाकीचा ठराव येईल तेव्हा आमच्या वाचकांनी सभेत हजर राहावे, आणि टाकी कोठे, काम कोणाचे व वायू कोणास, हे तीन प्रश्न न संकोचता विचारावे.

अभ्यासाचे प्रश्न
(उपदेशक व शिक्षक बंधूंनी रात्रीच्या वर्गात विचारावे.)

1. शेणास विरजणाची उपमा का दिली आहे?
2. नुसते रक्त व चरबी टाकीत घातल्यास काय होते? दोन कारणे सांगा.
3. डेन्मार्क देशातील शेतकऱ्यांस शेणाचा विचार करणे का भाग पडले?
4. कोठ्यातील चारा व आतडी ह्यांत घरच्या टाकीच्या दृष्टीने भेद कोणता?
5. टाकीस अजीर्ण झाल्याची चिन्हे व उपाय सांगा.
6. आपल्या गावात किती जनावरे आहेत, खाटकाची दुकाने किती, आणि त्यांची घाण कोठे जाते? वर्गाने मिळून मोजणी करावी व वहीत लिहावी.